वर्गातल्या शेअर बाजार स्पर्धेसाठी शेअर्स कसे निवडायचे?

कॉमर्स किंवा बीएमएसच्या वर्गात हा प्रोजेक्ट हमखास असतो. प्रत्येक गटाला एक लाख रुपये ‘मिळतात’, अर्थात फक्त कागदावर. त्यातून शेअर्स घ्यायचे आणि महिन्याच्या शेवटी कोणाचे पैसे जास्त वाढले ते बघायचं. पैसे खोटे असले तरी भाव खरे असतात. आणि इथे लागलेली सवय उद्या तुमच्या खऱ्या डिमॅट खात्यातही येते. म्हणून निवड नीट करूया.

ॲप नको, शीट वापरा

शेअर्सच्या भावांवर चालणाऱ्या व्हर्च्युअल ट्रेडिंग आणि फँटसी गेम ॲप्सबद्दल सेबीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सावध केलं होतं. एंट्री फी, रोख बक्षीस किंवा पॅन-आधार मागणारं ॲप असेल तर लांबच राहा. वर्गासाठी गूगल शीट्स पुरेशी आहे. बाजार दुपारी ३:३० ला बंद होतो. त्यानंतर एनएसई किंवा बीएसईच्या वेबसाइटवरचा बंद भाव शीटमध्ये भरायचा, झालं काम.

निवडताना काय बघायचं?

१. कंपनी लिस्टेड आहे का? ओळखीच्या वस्तूंपासून सुरुवात करा, पण आधी खात्री करा. ब्रिटानियाचा शेअर बाजारात मिळतो, पार्ले-जी बनवणाऱ्या पार्ले प्रॉडक्ट्सचा मिळत नाही. अमूल तर सहकारी संस्थांचा ब्रँड आहे, त्यामुळे त्याचाही शेअर नाही.

२. कमी भाव म्हणजे स्वस्त नाही. समजा, एका कंपनीचे १० कोटी शेअर्स आहेत आणि भाव ५० रुपये. म्हणजे बाजारमूल्य ५०० कोटी. दुसरीचे १ कोटी शेअर्स, भाव ४०० रुपये. बाजारमूल्य ४०० कोटी. भाव आठपट, तरी कंपनी लहान! जून २०२३ मध्ये एमआरएफच्या एका शेअरचा भाव एक लाख रुपयांच्या वर गेला, पण म्हणून ती रिलायन्सपेक्षा मोठी झाली नाही.

३. पी/ई बघा. शेअरचा भाव भागिले प्रति शेअर वार्षिक नफा. भाव ५०० आणि नफा २५ रुपये असेल तर पी/ई २०. हा आकडा एकाच क्षेत्रातल्या कंपन्यांशी ताडून बघा. बँकेची तुलना साबणाच्या कंपनीशी करू नका. सोबत कंपनीवर कर्ज किती आहे तेही वार्षिक अहवालात पाहा.

४. सगळी अंडी एकाच टोपलीत नको. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो आणि एचसीएल टेक घेतले तर नावं चार, पण क्षेत्र एकच. अमेरिकेतल्या ग्राहकांनी खर्च आवरला की चारही शेअर्स एकदम खाली येऊ शकतात.

५. कारण लिहून ठेवा. प्रत्येक शेअरसमोर दोन ओळी: ‘का घेतला?’ आणि ‘काय झालं तर माझं चुकलं असं मानेन?’ हे खरेदीच्या आधी लिहायचं. नंतर लिहिलं तर आपण आपल्यालाच फसवतो.

निकाल कसा मोजायचा?

- डिलिव्हरीत शेअर घेताना आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी लागतो. तो वजा करा. रोज खरेदी-विक्री केली तर हा खर्च किती वाढतो ते लगेच दिसेल.
- त्याच काळातल्या निफ्टी ५० शी तुलना करा. तुमचे पैसे ४ टक्के वाढले आणि निफ्टी ६ टक्के वाढला, तर नफा दिसत असूनही तुम्ही मागेच आहात.

पहिला नंबर आला, मग खरे पैसे लावू?

थांबा. महिना फार छोटा काळ आहे. सगळे पैसे एकाच शेअरमध्ये टाकणारा गट बऱ्याचदा पहिला येतो, आणि तसाच दुसरा गट शेवटचा. स्पर्धेत शेवटचं येऊन काही बिघडत नाही, खिशातले पैसे मात्र खरंच जातात. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांना तोटा झाला.

म्हणून प्रोजेक्ट संपल्यावर नंबर बघण्याआधी त्या दोन ओळी परत वाचा. कारण बरोबर होतं की नुसतं नशीब, हे तिथेच कळेल. जमलं तर सरांना किंवा मॅडमना सांगा, अर्धे मार्क त्या ओळींनाच द्या!