मुळशीच्या घाटवाटा व हुंडेकरी

पेशवाईंतील व्यापारावर लिहितांना सावकार, हुंड्या व पेठा यांचा विचार पुष्कळ होतो. पण माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेण्यास लहान वाण्यास काय पडे, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. मुळशीसारख्या डोंगरी मुलखांत तर तोच मुख्य प्रश्न होता.

तैलबैल्याजवळून सवाष्णी व वाघजाई हे दोन घाट कोंकणांत उतरतात. वाघजाईच्या तळाशीं ठाणाळ्याचीं बौद्ध लेणीं आहेत, सवाष्णीखालीं सुधागड उभा आहे. यावरून या वाटांचें प्राचीनत्व ध्यानांत यावें. येथून गाडी जाणें अशक्य. मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई ती बैलाच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोकीवर. मिठासारखा जड व स्वस्त जिन्नस घेतला तर घाटमाथ्यावरील त्याच्या भावांत आगरावरील किंमतीपेक्षां वाटखर्चच मोठा असणार.

हा वाटखर्च म्हणजे केवळ बैलाचें भाडें नव्हे. माल भरला तेथें थळभरीत, उतरला तेथें थळमोड, आणि मध्यें वाटेवरची जकात. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधीं एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जो अहवाल सादर केला, त्यांत ही जकात बैलाच्या ओझ्यावर असून प्रत्येक जिल्ह्यांत निराळी घेतली जाई, असें सांगितलें आहे. मोठ्या व्यापाऱ्यास हें सोसे. दोन बैलांच्या धन्यास मात्र प्रत्येक चौकीवर खोळंबा व हुज्जत. शिवाय एकंदर खर्च किती येणार हें आधीं ठाऊक नसल्यामुळें गिऱ्हाइकास भाव काय सांगावा हेंच त्यास कळेना.

यावर व्यापाऱ्यांनींच तोड काढली होती, ती हुंडेकऱ्याची. कित्येक वाचक हुंडेकरी म्हणजे हुंड्यांचा धंदा करणारा सावकार असें समजतात; मीहि बरींच वर्षें तसेंच समजत होतों. येथें हुंडा म्हणजे उक्ती रक्कम. ती एकदां घेतली कीं वाटेवरील सर्व चौक्यांतून माल पार करणें हें त्याचें काम, आणि जकातीबद्दल सरकारी अंमलदारांस जबाबदार तोच. अनेकांचा माल एका हातानें जात असल्यामुळें चौकीवर त्याचा शब्द चालत असला पाहिजे. वाण्यास खर्च कमी होई कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. पण तो आधीं कळे.

पुढील कथा थोडक्यांत अशी. १८३० सालीं बोरघाटांत गाडीरस्ता खुला झाला, १८३८ सालीं मुंबई इलाख्यांतील अंतर्गत जकाती उठल्या, १८६३ सालीं आगगाडी बोरघाट चढली. भाडें उतरलें तें त्या मार्गावर. मुळशीच्या वाटा ओस पडत गेल्या. जकात गेली तरी हुंडेकरी हें नांव गेलें नाहीं, तें माल पोंचविणाऱ्या अडत्यास लागलें. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले होऊं लागले, बरींच जहाजें आफ्रिकेस वळसा घालूं लागलीं व भाडें चढलें. अशा वेळीं पिरंगुटच्या लहान कारखानदारानें चौघांचा माल एका कंटेनरांत घालणाऱ्या दलालाकडून सर्व खर्च धरून एकच आंकडा मागितला, तर तो हुंडाच मागतो.

आतां एक कबुली. पौड खोऱ्यांतील एका जुन्या दुकानदार घराण्यानें पूर्वी मला एक रुमाल दाखविला होता. त्यांत सनद नाहीं, शिक्क्याचें पत्र नाहीं, नुसते गोण्यांचे व भाड्याचे हिशेब, असें पाहून मीं तो चार पानें चाळून परत केला. नंतर विचारावयास गेलों तेव्हां तो रद्दींत गेला होता. संग्राहकांच्या हातीं असे वाण्यांचे रुमाल येतात. त्यांत गोण्यांची संख्या, चौकीचें नांव व हुंड्याची रक्कम एका ओळींत सांपडल्यास ती नकलून मंडळाकडे पाठवावी.