विजेचा धडा शिकवणारा मास्तर कोण घडवणार?

शाळेत ऊर्जेचा धडा आला की फळ्यावर सूत्र लिहिले जाते, दोन उदाहरणे सोडवली जातात आणि गाडी पुढे जाते. यात शिक्षकांचा दोष आम्ही कमी मानतो. डी.एड., बी.एड. करताना त्यांना घरचे वीजबिल वर्गात कसे वापरायचे, हे कुणी दाखवलेच नाही तर ते मुलांना काय सांगणार?

हा प्रश्न आजचा नाही. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, प्रशिक्षित थोडेच आहेत, हे त्यांनी स्पष्ट मांडले. त्यावर उपाय म्हणून त्यांनी शेतकरी वर्गातूनच शिक्षक तयार करायला सांगितले. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला ज्याला लाज वाटणार नाही, असा शिक्षक त्यांना हवा होता. अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञानही हवे होते. हाताने काम करणाऱ्याला हलका समजणारा मास्तर ते काम शिकवूच शकत नाही, हे जोतीरावांनी ओळखले होते. आमच्या मते शिक्षक प्रशिक्षणाचा खरा मुद्दा इथेच आहे.

पुढे १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. विजेचा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. बाबासाहेबांना फक्त घटनेपुरते ठेवणाऱ्यांना हे माहीत नसते, किंवा माहीत करून घ्यायचे नसते! त्यांच्याच कारकिर्दीत १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण त्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय शेतीवरचा बोजा व दारिद्र्य हटत नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९४२ च्याच निवेदनात त्यांनी सरकारला सांगितले की अस्पृश्य विद्यार्थ्यांना नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांचा फारसा उपयोग नाही, विज्ञान आणि तंत्रशिक्षण द्या. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागाही त्यांनी मागितल्या. म्हणजे वीज आणि विजेच्या कामाचे शिक्षण, दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

वीज आली. खांबावर चढणारा कंत्राटी कामगार कोणत्या वस्तीतून येतो आणि नियंत्रण कक्षात कोण बसतो, हे वाचकांना सांगायला नको.

काहीजण म्हणतील, नोकरीचे मार्गदर्शन हा वेगळा विषय, विज्ञानाच्या तासाला कशाला? ज्यांच्या घरात इंजिनियर काका आहे त्यांना तो वेगळाच वाटणार. आमच्या मुलाला तो काका नाही, मास्तरच आहे. म्हणून प्रशिक्षणात साध्या गोष्टी हव्यात. ६० वॉटचा जुना बल्ब १०० तास जळला तर ६ युनिट, ९ वॉटचा एलईडी तेवढाच जळला तर एक युनिटही नाही. हे गणित घरच्या बिलावर करून घेता आले पाहिजे. आयटीआयमध्ये वीजतंत्री, तारतंत्री, सोलर टेक्निशियन हे अभ्यासक्रम आहेत, पॉलिटेक्निकमधून पदविका आणि तिथून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनियरिंग गाठता येते, ही वाट शिक्षकाला तोंडपाठ हवी. ती मुलींनाही सांगायची. आणि धरण किंवा औष्णिक केंद्र शिकवताना जमीन कुणाची गेली, हेही त्याच तासाला सांगायचे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली टाटांच्या वीजप्रकल्पाविरुद्ध सत्याग्रह केला होता, तो विज्ञानाच्या पुस्तकात का नको?