रहस्य फुटल्यानंतर

माध्यम-अभ्यासाच्या वर्गात रहस्यपट म्हटला की पहिले नाव हिचकॉकचे निघते आणि बहुधा ‘सायको’ (१९६०) दाखवला जातो. त्याला आमचा विरोध नाही. परंतु बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना बिंदुसरा धरणाजवळ लागणाऱ्या पालीसारख्या गावातून जो विद्यार्थी येतो, त्याने भयाचे व्याकरण केवळ परक्या मोटेलातच का शिकावे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मराठीत या प्रकाराची परंपरा तुटक आहे खरी. पण नाही असे नव्हे.

निवडीची आमची कसोटी साधी आहे: रहस्य फुटल्यानंतर चित्रपटात काय उरते? वर्गात चित्रपट दोनदा पाहावा लागतो, आणि दुसऱ्या खेपेस रहस्य उरलेले नसते.

या कसोटीवर पहिला उभा राहतो राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४). पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तेही याच वर्षी, म्हणजे चित्रपट जपून ठेवावा, अभ्यासावा ही जाणीव आपल्याकडे नुकती रुजत होती. ज्या वकिलाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत वारली, त्याच्यासमोर तिच्यासारखीच दिसणारी एक आरोपी स्त्री उभी राहते आणि ‘मीच तुमची पत्नी’ म्हणते. मूळ कादंबरीचे नाव ‘आशा परत येते’. शीर्षकातच अर्धे उत्तर! चित्रपटाने ते झाकले आणि नाव असे दिले की कोण कोणाचा पाठलाग करते आहे हेच कळू नये. पुढे राज खोसला यांनी हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) केला. कथा तीच, पण कृष्णधवलाच्या जागी रंग आले, उदयपूर आले, झुमक्याचे गाणे आले. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की कळते, रहस्य जसेच्या तसे उचलता येते. वातावरण मात्र प्रत्येकाला नव्याने घडवावे लागते. आमच्या मते कोणत्याही पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा ही जोडी अधिक शिकवते.

वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) गाण्यांमुळे अधिक स्मरणात राहिला. तो वगळला तरी चालेल, असे धाष्टर्याने म्हणतो. राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६) मात्र वगळू नये. पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांड १९७६-७७चे. चौघांना फाशी झाली १९८३ साली. चित्रपट आला तेव्हा त्याच्या प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक होता. मग उत्कंठा कशाची? कोणी केले याची नव्हे. शिकलीसवरलेली मुले हे करू कशी धजली, याची.

आणि मग विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७). उसाच्या रानाने वेढलेले घर, त्यात गरोदर स्त्री, आणि न जन्मू दिलेल्या मुलींचा इतिहास. फुरियांनीच तो हिंदीत ‘छोरी’ (२०२१) म्हणून पुन्हा केला. ऊस तेथेही आहे. बाहेरच्या प्रेक्षकास तो ऊस म्हणजे वाट चुकवणारा चकवा. बीडच्या विद्यार्थ्यास तो फड आहे. नवरा-बायकोची जोडी जिथे ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते, उचल घेऊन दसऱ्यानंतर गावेच्या गावे कारखान्यांकडे निघतात, त्या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. २००१ साली ८९४ होत्या. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४चा. ‘लपाछपी’चा विषय ऊसतोड नाही, हे मान्य. तरीही या वर्गात त्याचे रहस्य पहिल्या खेपेसच फुटलेले असते, आणि अशाच वेळी चित्रपटाची खरी परीक्षा होते.

तो दाखवावाच का, अशी शंका सहाध्यापकांत निघते, आणि ती रास्त आहे. ज्याचे आईवडील त्याच वेळी फडावर आहेत, ज्याच्या घरात बहिणीविषयी काही बोलले जात नाही, त्याला आपण काय विचारणार? आमचे मत, चित्रपट दाखवावा. पण पहिल्या तासाला अनुभवकथन मागू नये. ध्वनीविषयी विचारावे: पाचटाची सळसळ कोठे आहे, कोठे थांबते, आणि ती थांबल्यावर कॅमेरा कोणाकडे वळतो. बाकीचे, बोलायचे असेल तर, विद्यार्थी आपल्या वेळेने बोलतील.