सेवाग्रामचा दूरध्वनी आणि ध्वनीचा सामाईक मार्ग

वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगो (१९३६–४३) यांच्या काळातील दूरध्वनी जतन केलेला आहे. गांधीजींशी थेट संपर्क साधता यावा, म्हणून सरकारने तो बसविला होता. त्या पद्धतीत संभाषण संपेपर्यंत संपूर्ण मार्ग दोघांसाठीच अडून राही. मौनालाही तो राखून ठेवावा लागे. दुसऱ्या पिढीच्या भ्रमणध्वनीनेही हेच तत्त्व पाळले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओने केवळ चौथ्या पिढीचे जाळे देशभर खुले केले. त्यात ध्वनी वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, इतर माहितीच्याच वाटेने, परंतु अग्रक्रमाने जाऊ लागला. चित्रसंभाषणाचा मार्गही तोच. अशा रीतीने मार्ग सामाईक झाला खरा. तथापि जुना संच त्या जाळ्यावर मुकाच ठरला. राखीव मार्ग गेला, पण बोलण्याची मुभा साधनावरच अवलंबून राहिली, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.