शब्द तोच, अर्थ निराळा



भाविक वाचकहो, आपण ज्ञानेश्वरीचे पारायण करता, नित्यनेमाने हरिपाठ म्हणता, गाथ्यातले कितीतरी अभंग आपल्याला मुखोद्गत असतात. वाचताना काही शब्द अडतात. ‘नावेक’ म्हणजे काय, ‘व्यंकटी’ म्हणजे काय, हे आपण जाणत्याला विचारतो किंवा सार्थ प्रत उघडून पाहतो. अडलेला शब्द आपले नुकसान करीत नाही, कारण तो अडला आहे हे आपल्याला कळते. नुकसान करतो तो न अडणारा शब्द. जो आपण घरात, शेतात, बाजारात रोज बोलतो, तोच शब्द ओवीत भेटला की आपण न थांबता पुढे जातो. अर्थ मात्र आजचा घेतलेला असतो, आणि संतांनी सांगितलेले बाजूला राहून भलतेच पदरात पडते. अशा काही ओळखीच्या शब्दांचा इतिहास आज आपण पाहू.

पहिला शब्द खुद्द ज्ञानेश्वरीच्या इतिहासातलाच घ्या. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये माउलींनी नेवासे येथे हा ग्रंथ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. त्या काळी छापखाना नव्हता. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशा हातांनी नकला होत गेल्या. मधल्या काळात बोली बदलली. नक्कल करणाऱ्याला जुना शब्द कळला नाही, तर त्याच्या जागी ओळखीचा शब्द येऊन बसे. कोणी भक्तीच्या भरात पदरची ओवीही घाली. शेवटी शके १५०६ म्हणजे इ.स. १५८४ मध्ये श्रीएकनाथ महाराजांनी प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ झाल्याला तेव्हा २९४ वर्षे झाली होती. त्या कामाच्या समाप्तीच्या ओव्यांत नाथ सांगतात की, मूळ ग्रंथ शुद्धच होता, दोष शिरला तो ‘पाठांतरा’मुळे.

आता आजचा अर्थ लावून पाहा. पाठांतर म्हणजे तोंडपाठ करणे. मग पाठ केल्याने ग्रंथ बिघडला, असे नाथ म्हणतात काय? मुळीच नाही. पाठ म्हणजे ग्रंथातले शब्द, आणि पाठांतर म्हणजे दुसरा, वेगळा पाठ. आज ज्याला आपण पाठभेद म्हणतो, तेच नाथांचे पाठांतर. शब्द बदलल्याने बिघडलेला ग्रंथ नाथांनी नीट केला, आणि ते सांगताना जो शब्द त्यांनी वापरला, त्याचाच अर्थ पुढे बदलून गेला!

दुसरा शब्द ‘उदास’. धन कसे जोडावे आणि कसे वेचावे, हे सांगणारा तुकोबांचा प्रसिद्ध अभंग आपण कीर्तनात अनेकदा ऐकला असेल. खर्च करताना विचार कसा असावा, ते सांगताना महाराजांनी ‘उदास’ हा शब्द घातला आहे. आज उदास म्हणजे खिन्न, तोंड उतरलेला. तो अर्थ घेतला तर दानधर्म रडत करावा असे होईल! मूळ संस्कृतात ‘उद्’ म्हणजे वर आणि ‘आस्’ म्हणजे बसणे. खाली व्यवहाराची ओढाताण चालली असता जो वर, अलिप्त बसून पाहतो, तो उदासीन. गीतेच्या बाराव्या अध्यायात सोळाव्या श्लोकात भगवंतांनी आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणे सांगितली, त्यांत ‘उदासीन’ आहे आणि त्याला लागूनच ‘गतव्यथ’ आहे. गतव्यथ म्हणजे ज्याची व्यथा गेली तो. व्यथा गेलेला माणूस दुःखी कसा असेल? म्हणजे शेजारच्या शब्दानेच उदासाचा अर्थ पक्का केला. हातून पैसा सुटताना मन त्याच्या मागे धावू नये, हा तुकोबांचा उपदेश आहे. त्यात खिन्नतेला जागा नाही.

तिसरा शब्द अधिक महत्त्वाचा, कारण त्याच्या गैरसमजाने घरे दुखावली आहेत. तो ‘संसार’. ‘सृ’ म्हणजे सरकणे, चालत राहणे. त्यावरून संसार म्हणजे जन्ममरणाचा न थांबणारा फेरा. हिंदीत संसार म्हणजे जग. आपल्या मराठीत मात्र हा शब्द हळूहळू उंबरठ्याच्या आत आला. आपण संसार मांडतो, संसार थाटतो, लग्नात संसाराची भांडी देतो. ‘प्रपंच’ या शब्दाचेही असेच झाले. वेदान्तात प्रपंच म्हणजे नामरूपाचा सारा पसारा, आणि आपल्या बोलण्यात प्रपंच म्हणजे बायको, मुले, पीठमीठ.

ज्ञानेश्वरीत जेथे संसार टाळण्याची, तरून जाण्याची गोष्ट येते, तेथे बहुतेक वेळा तो जन्ममरणाचा फेरा असतो. तुकोबांच्या गाथ्यात दोन्ही अर्थ येतात, आणि कोणता घ्यायचा ते प्रसंगावरून ठरते. हा विवेक सुटला की एखादा तरुण म्हणतो, संतांनीच संसार खोटा म्हटला आहे, मग मी घराकडे का पाहू? आणि आपल्या संप्रदायाला नावे ठेवणाराही तेच वाक्य उलटे फिरवून म्हणतो की, वारकऱ्यांनी समाजाला घरदार सोडायला शिकवले. दोघांची चूक एकाच शब्दावर झाली आहे.

संतांची चरित्रे पाहा. नाथांनी गिरिजाबाईंसह पैठणला गृहस्थाश्रम केला. गोरोबाकाकांनी चाक सोडले नाही, सावतोबांनी अरणचा मळा सोडला नाही. नामदेवराय, चोखोबा, सेनामहाराज सारे घरदार असलेले. जनाबाईंनी नामदेवांच्या घरी दळता-कांडता देव जोडला. आपली वारीही तशीच. गळ्यात माळ घातलेला माणूस पेरणीचे पाहून पंढरीला निघतो आणि एकादशी साधून पुन्हा आपल्या शेतात, आपल्या माणसांत परततो. सुटायचे आहे ते फेऱ्यातून आणि आसक्तीतून. चुलीपासून आणि लेकरांपासून पळा, असे संतांनी सांगितलेले नाही.

चौथा शब्द ‘पाखंड’. आज हा शब्द आपण कोणाला हिणवायचे असले की वापरतो. ढोंगी, वेदबाह्य, धर्म बुडवणारा, असे सारे त्यात येते, आणि संतांच्या वाङ्मयातही तो निंदेच्या अर्थानेच आढळतो. पण इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने कोरविलेल्या लेखांत ‘पासंड’ हा शब्द आहे, आणि तेथे त्यात निंदा नाही. पासंड म्हणजे कोणताही धर्मपंथ. गिरनारच्या बाराव्या लेखात तर राजा सर्व पासंडांचा सन्मान करावा, आपल्या पंथाची वाखाणणी आणि दुसऱ्याची निंदा उगाच करू नये, असे सांगतो. पुढे पंथापंथांची भांडणे वाढली, प्रत्येकाने दुसऱ्याला पासंड म्हटले, आणि शब्दाला वाईट वास लागला. शब्द मुळात कलंकित नव्हता, आपल्या तोंडून तो कलंकित झाला. कोणाला पाखंडी म्हणण्यापूर्वी एवढा इतिहास आठवला तरी जीभ क्षणभर थांबेल.

सगळेच शब्द असे खाली घसरतात असे मात्र समजू नका. काही वर चढतात. ‘चोपदार’ पाहा. फारसीत ‘चोब’ म्हणजे काठी. राजेलोकांच्या पुढे रुप्याची किंवा सोन्याची काठी घेऊन ललकारी देणारा सेवक तो चोबदार. शिंदे सरकारच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावून दिली, त्या सोहळ्यात हा दरबारी शब्द आजही आहे. तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंच धरला की हजारो टाळ एकदम थांबतात. राजे गेले, दरबार गेले. चोपदार मात्र माउलींच्या पुढे उभे आहेत, आणि शब्दाला सेवेचा अर्थ आला आहे.

मग आपण करावे काय? शब्द बदलून टाकावेत काय? तसे केले तर नाथांच्या आधी नकलाकारांनी जे केले तेच आपण करू. नाथांनी शब्द राखायला शिकवले. आणि माउलींनी काय शिकवले? गीतेची संस्कृत वाणी सामान्यांना कळेनाशी झाली होती, तेव्हा मूळ श्लोकाला धक्का न लावता त्यांनी अर्थ लोकांच्या बोलीत उघडून दाखवला. आपल्यापुढेही हीच दोन कामे आहेत. शब्द नाथांसारखा जपावा आणि अर्थ माउलींसारखा उघडावा. साखरे महाराजांच्या परंपरेने, मामासाहेब दांडेकरांनी सार्थ ज्ञानेश्वरी घरोघर पोचविली. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, तेथे आजही ग्रंथ अर्थासह शिकविला जातो.

घरी वाचताना आपण एवढे तरी करू शकतो. ओळखीचा शब्द आला तरी घटकाभर थांबावे. त्याच्या शेजारी कोणते शब्द बसले आहेत ते पाहावे. लावलेला अर्थ त्या संताच्या आचरणाशी जुळतो का, हे तपासावे. न जुळला तर आपला अर्थ चुकला असे समजून सार्थ प्रत उघडावी किंवा जाणत्याला विचारावे. गावच्या सप्ताहात रोज एक जुना शब्द घेऊन त्याचा अर्थ सर्वांना सांगण्याची रीत पाडली, तर सात दिवसांत सात शब्द मुलांच्या पदरी पडतील. पुढच्या वर्षी तीच मुले ओवी म्हणताना ‘उदास’ शब्दाशी थांबतील, आणि शेजारी बसलेल्या आजोबांना त्याचा अर्थ सांगतील.