ऋण आणि आधार

दरिद्री शेतकऱ्यास भांडवल मिळालें कीं त्याचें दारिद्र्य सरलें, ही कल्पना ऐकावयास मोठी सोयीची आहे. गेल्या दीडशें वर्षांचा आपल्या देशाचा इतिहास मात्र तिला तितकासा अनुकूल नाहीं. पैसा मिळणें आणि पैसा फळणें या दोन भिन्न गोष्टी असून, त्यांच्यामधील अंतर कोणीं भरून काढावयाचें, हा खेड्यांतील पतपुरवठ्याचा खरा प्रश्न होय. त्याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरादुकानांवर हल्ला केला. त्यांचा मुख्य रोख माणसांवर नसून कर्जरोख्यांवर होता. रोखे हातीं लागतांच ते जाळून टाकण्यांत आले. हा प्रसंग वाचकांस परिचितच आहे. त्याचा बोध मात्र बहुधा अर्धाच घेतला जातो. दख्खनच्या शेतकऱ्यास कर्ज कधीं मिळतच नव्हतें, असें नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचे भाव चढले तेव्हां तें मुबलक मिळालें, आणि १८६५ नंतर भाव कोसळतांच तेंच गळफास झालें. हिशेब सावकाराच्या वहींत, कायदा सावकाराच्या बाजूचा, आणि कुणब्याच्या वतीनें ती वही वाचणारा कोणी नाहीं, अशी ती स्थिति होती. १८७९ च्या कायद्यानें न्यायालयास रोख्याच्या मुळाशीं जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्यांचा मार्ग मोकळा केला. तथापि पुष्कळ ठिकाणीं सोसायटीचीं सूत्रें गांवांतील बड्या मंडळींच्या हातीं गेलीं. भूमिहीन मजूर व स्त्रिया बहुधा दाराबाहेरच राहिल्या.

हें दार उघडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न कर्नाटकांत झाला. १९६८ मध्यें तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठीं निघालेली ‘मायराडा’ ही सेवासंस्था पुढें खेड्यांतील गरिबांत काम करूं लागली होती. १९८५ च्या सुमारास तिच्या क्षेत्रांतील कांहीं मोठ्या सोसायट्या मोडल्या, आणि परस्परांवर विश्वास असलेले सभासद लहान लहान गट करून जमूं लागले. संस्थेकडून घेतलेले पैसे त्यांनीं संस्थेस परत न करतां आपल्याच गटांत भरावे, असें संस्थेनें त्यांस सांगितलें. १९८७ सालीं राष्ट्रीय कृषि व ग्रामीण विकास बँकेनें, म्हणजे नाबार्डनें, या प्रयोगास दहा लाख रुपयांचें साहाय्य दिलें. १९९२ मध्यें तिनें ५०० बचत गट बँकांस जोडण्याचा उपक्रम हातीं घेतला. आज देशांत अशा गटांची संख्या एक कोटीहून अधिक आहे.

यांतील कामाची वांटणी लक्षांत घेण्यासारखी आहे. सेवासंस्थेनें गट बांधावा, हिशेब लिहावयास शिकवावें, तंटे मिटवावे; दहा-वीस स्त्रियांनीं नेमानें थोडें थोडें शिल्लक टाकून आपसांत कर्ज द्यावें व फेडावें; आणि ही शिस्त कसास उतरल्यावर बँकेनें कांहींहि तारण न मागतां, शिलकेच्या प्रमाणांत, गटास रक्कम द्यावी. सभासदाकडून व्याज किती घ्यावयाचें तेंहि गटानेंच ठरवावें. सुप्याच्या शेतकऱ्यास जी वही परकी होती, ती येथें ऋणकोच्याच हातीं आली.

हा आधार सुटला म्हणजे काय होतें, तें आंध्र प्रदेशांत दिसून आलें. गट बांधण्यास महिने लागतात. कर्ज वांटण्यास चार दिवस पुरतात. नफ्यासाठीं चालणाऱ्या कंपन्यांनीं दुसरेंच काम तेवढें पतकरलें. एकेका घरांत तीन-तीन, चार-चार कर्जें शिरलीं, साप्ताहिक हप्त्यांचा तगादा असह्य झाला, कर्जदारांनीं जीव दिल्याच्या वार्ता येऊं लागल्या. ऑक्टोबर १९१० पूर्वीं नव्हे, तर आपल्या डोळ्यांदेखत, ऑक्टोबर २०१० मध्यें राज्य सरकारास वटहुकूम काढावा लागला. त्यानंतर वसुली कोलमडली, आणि नेकीनें हप्ते फेडणाऱ्यांसहि नवें कर्ज मिळेनासें झालें.

याच्या उलट उदाहरण बंगालचें आहे. ‘बंधन’ ही संस्था २००१ मध्यें सेवासंस्था म्हणून निघून लहान कर्जें देऊं लागली, व २०१५ मध्यें बँक झाली. कर्जाचा भारहि ज्यांस पेलणार नाहीं अशीं कुटुंबें मुर्शिदाबाद जिल्ह्यांत तिच्या दृष्टीस पडलीं. बांगलादेशांतील ‘ब्रॅक’ संस्थेनें २००२ मध्यें सुरू केलेल्या योजनेच्या धर्तीवर त्या घरांतील स्त्रियांस कर्जाऐवजीं गाय किंवा शेळ्या देण्यांत आल्या. कांहीं काळ निर्वाहापुरते पैसे मिळाले, आणि सुमारें दीड वर्ष दर आठवड्यास कार्यकर्ता घरीं येऊन विचारपूस करीत राहिला. दहा वर्षांनंतरच्या पाहणींतहि तीं कुटुंबें तशाच इतर कुटुंबांहून सुस्थितींत आढळलीं. प्रत्येकास कर्ज देऊं नये, हें येथें कर्ज देणाऱ्यानेंच ओळखलें होतें.

आतां अडचण खर्चाची आहे. गांवोगांव फिरणाऱ्या या कार्यकर्त्याचें वेतन कोणत्याहि माफक व्याजांत बसत नाहीं. म्हणून काटकसर करावयाची झाली कीं पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. आमच्या मतें ही काटकसर खोटी आहे. शाळामास्तराचा पगार आपण मुलांच्या फीमधून वसूल करीत नाहीं. तो समाजाचा खर्च मानतों. हिशेब शिकविणाऱ्या या माणसाचें मोलहि त्याच न्यायानें सार्वजनिक निधींतून दिलें पाहिजे. तें न देतां नुसत्या कर्जवांटपाचे आंकडे फुगविणें म्हणजे सावकाराचीच जुनी वही नव्या बांधणींत काढणें होय.