तेहतीस फुटांची साखळी

आठवीच्या भूमितीतला 'क्षेत्रफळ' नावाचा धडा आठवतोय का? एक वेडावाकडा तुकडा दिलेला असतो. मधून एक लांब रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना लंब, आणि लंबांवर आकडे. आकृतीचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडायचे, प्रत्येकाचं क्षेत्रफळ काढायचं, बेरीज करायची. झाले चार मार्क! आपल्यापैकी बहुतेकांनी ते मार्क घेतले आणि आयुष्यात परत कधी समलंब चौकोनाचं तोंड पाहिलं नाही.

पण मंडळी, ही आकृती पुस्तकवाल्यांनी हवेतून आणलेली नाही. आमच्या नगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडातून नगरच येतं) शेतकऱ्याच्या घरात सात-बाराची जी पिशवी असते, तिच्या मुळाशी हीच आकृती आहे. भूमी अभिलेख खात्यात तिला 'टिपण' म्हणतात. आणि त्रिकोण-चौकोनांचे गुणाकार ज्यात मांडलेले असतात, त्याचं नाव चक्क 'गुणाकार बुक'. मला तर हे नाव फारच आवडलं. आमच्या प्रोजेक्टमधल्या एकाही डॉक्युमेंटचं नाव इतकं प्रामाणिक नाही.

आता जरा मागे जाऊ. जमीन मोजायची आणि तिच्यावर सारा लावायचा हा उद्योग इंग्रजांचा नव्हे. नगरची निजामशाही सांभाळणाऱ्या मलिक अंबरने (मृत्यू १६२६) इजारेदारी मोडून पिकाच्या अंदाजाने महसूल बांधून दिला, म्हणून त्याचं नाव आजही निघतं. शिवकाळात काठी होती पाच हात पाच मुठी लांबीची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा चाहूर. चौकोनी शेताला हे ठीक. पण नगरकडची शेतं चौकोनी कुठे असतात? एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला गाडीवाट, तिसरीकडे भावकीचा बांध, तोही दर पावसाळ्यात थोडा सरकणारा!

चार वाकड्या बाजूंच्या शेताची एक फार जुनी सोपी रीत होती. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यायची आणि दोन्ही सरासऱ्या गुणायच्या. ही रीत प्राचीन इजिप्तमध्ये होती, आपल्याकडेही होती, आणि ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकातच तिला 'स्थूल' ठरवलं होतं. भास्कराचार्य तर 'लीलावती'त (११५०) अजून चिडलेले दिसतात. कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि सांगणारा त्याहून मोठा पिशाच, असा त्यांचा एकूण सूर आहे.

चिडण्यासारखंच आहे. या स्थूल रीतीची चूक नेहमी एकाच दिशेने जाते. उत्तर एकतर बरोबर येतं (शेत अगदी काटकोनी असेल तर), नाहीतर जास्त येतं. कमी कधीच नाही. समजा चारही बाजू १० साखळ्यांच्या आहेत, पण शेत दाबलेल्या खोक्यासारखं तिरकं आहे आणि उंची भरते ८ साखळ्या. खरं क्षेत्र ८०, स्थूल रीतीने १००. सारा क्षेत्रावर लागणार असेल तर जगात नसलेल्या पाव हिश्श्याचे पैसे शेतकऱ्याने भरायचे!

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि दख्खन कंपनीच्या हातात आलं. १८२० च्या दशकात प्रिंगल नावाच्या साहेबाने दख्खनची मोठी मोजणी केली. साहेब अर्थशास्त्र शिकून आलेला. प्रत्येक जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढून त्याचे ५५ टक्के सरकारचे, असा हिशोब. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात खालच्या कारकुनांनी भलते आकडे भरले, सारा झेपेना, लोक जमिनी टाकून निघून गेले. प्रतवारी तर सोडाच, मुळात मोजणीच सदोष होती, असं पुढे खुद्द मुंबई सरकारच्या १८७२-७३ च्या अहवालाने म्हटलं आहे. इनपुट चुकीचा असेल तर वरचं मॉडेल कितीही हुशार असो, काय उपयोग...

मग १८३५ च्या सुमाराला इंदापुरात गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. विंगेट इंजिनियर, हे मुद्दाम सांगतो. पुढे हीच पद्धत नगरसह दख्खनभर गेली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. हत्यारं दोनच: शंकू आणि साखळी. शंकू म्हणजे काठीवर बसवलेला ठोकळा, त्यात काटकोनात दोन खाचा. एका खाचेतून मधल्या रेघेवर नजर लावायची, दुसरीतून बांधाचा कोपरा दिसला की तिथे लंब पडला.

साखळी होती ३३ फुटांची, तिचे १६ भाग, म्हणजे आणे. खरी गंमत इथे आहे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोब्बर एक गुंठा. चाळीस गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे एक एकर. साखळ्यांना साखळ्यांनी गुणलं की उत्तर थेट गुंठ्यात! रूपांतर नाही, त्यामुळे रूपांतरातली चूकही नाही. अर्धशिक्षित मोजणीदार उन्हात उभा राहून हिशोब करणार हे धरून केलेलं डिझाइन आहे हे.

करून बघा. मधली रेघ १० साखळ्या. उजवीकडे ३ साखळ्यांवर २ चा लंब, ८ वर ४ चा. डावीकडे ६ वर ३ चा. उजवीकडचा पहिला त्रिकोण ३, मधला समलंब चौकोन १५, शेवटचा त्रिकोण ४. डावीकडचे दोन त्रिकोण मिळून १५. एकूण ३७ गुंठे. मध्ये खडक किंवा नाला असेल तर तो 'पोटखराबा' म्हणून वजा. सात-बारावर हा शब्द आजही दिसतो.

अर्थात साखळीही माणसासारखीच, वापरून सैल होते. कड्या झिजून ती चार इंच वाढली तर लांबीत एक टक्का फरक, पण क्षेत्रात दोन टक्के. पाच एकराला चार गुंठे कमी! म्हणजे ही चूक शेतकऱ्याच्या फायद्याची. सारा कमी भरला, पण दीडशे वर्षांनी पणतू जमीन विकायला निघतो तेव्हा कागदावर चार गुंठे कमी. गुंठ्याचा आजचा भाव बघता या चार गुंठ्यांसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात.

आता मोजणीला रोव्हर येतो, उपग्रहावरून कोपऱ्यांचे निर्देशांक घेतो. त्यातून क्षेत्रफळ काढायचं सूत्र मी शनिवारी पाच ओळींत लिहिलं. त्याच्या आत डोकावलं तर काय? समलंब चौकोनांची बेरीज-वजाबाकी. गुणाकार बुकच, फक्त वेगाने.

आमच्या चुलत्यांना, अण्णांना, मोठ्या हौसेने दाखवलं. ते म्हणाले, "क्षेत्र बरोबर येतंय रे, पण बांध कुठं होता ते सांगतंय का तुझं मशीन?" मुद्दा बिनतोड आहे. क्षेत्रफळ तेच ठेवून बांध हवा तिकडे सरकवता येतो. तो कुठे होता ते टिपणातल्या लंबांवरूनच कळतं, आणि तेही मूळ दगड जागेवर असेल तर. आमचा पूर्वेकडचा दगड ओढ्यात गेलाय. टिपणाच्या नकलेसाठी अर्ज केलाय, बघू कधी मिळते.